रफूवाल्याची काठी

मला दिसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हळहळाल आणि हळहळ मला चालत नाही. मला सुईचं नेढं दिसतं. वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या निविदा दिसतात. काळ्या कोटातला धागा निळसर काळा आहे की तपकिरी काळा, हे खिडकीच्या उजेडात मला तुमच्याआधी कळतं. फक्त हे सगळं एका गोलाच्या आत. गोलाच्या बाहेर काही नाही. लोकांना वाटतं तिथं अंधार असेल. अंधारही नाही. तुम्हाला तुमच्या डोक्यामागं जे दिसतं, तेच मला माझ्या कानाजवळ दिसतं.

सुईच्या अंतरावर तो गोल पुरीएवढा असतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यात मावतो, त्यानं पुढं केलेला हात मावत नाही. त्यामुळं गल्लीत माझी ख्याती अशी की हा मोठा मग्रूर माणूस आहे, हात दिला तर हात देत नाही. सुरुवातीला मी खुलासे करायचो. नंतर सोडून दिलं. मग्रूर तर मग्रूर.

लहानपणी नुसता रातांधळेपणा होता. दिवे लागले की मी आईचा पदर धरायचो आणि पोरं चिडवायची. तिशीनंतर दिवसाही कडा गळायला लागल्या. आता मी बावन्नचा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा कडेनं वाळत आत येतोय, याला औषध नाही, जेवढी नजर आहे तेवढी जपून वापरा. आजारापेक्षा जास्त त्रास लोकांनी दिला. एकदा सिटी बसमध्ये अपंगांच्या सीटवर बसून पेपर वाचत होतो, तर एका गृहस्थानं सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "पेपर वाचता येतो आणि अपंग कसले?" मी उठलो नाही. पण उतरताना दारात ठेवलेल्या दुधाच्या कॅनला धडकलो, तेव्हा तोच गृहस्थ म्हणाला, "बघून चाला की, आंधळे आहात का?" लोकांना एक काहीतरी पाहिजे असतं. पूर्ण आंधळे व्हा, आम्ही रस्ता पार करून देऊ. नाहीतर पूर्ण डोळस राहा. मधल्या माणसाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आम्ही रफूवाले. वडील रफू करायचे, आता थोरला भाऊ आणि मी. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्यापासून दोन पायऱ्या वर एक लांबट खोली, काचेचं कपाट आणि खिडकी. भाऊ गिऱ्हाईक बघतो, कपडा घेतो, इस्त्री करतो. सुई माझ्याकडं. वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, पुढं मला या भावानंच वाढवलं, म्हणून त्याच्याशी भांडणं मला सोपं जात नाही. आमची घरातली बोली दखनी, शाळा मात्र मराठी, कारण गल्लीच्या तोंडाशी तीच होती. तेव्हा भावाचं बोलणं इथं मी मराठीत देतोय. त्याला दाखवलं तर म्हणेल, मी असं कधी बोललो?

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ज्या कपड्याला भोक पडलंय त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, किनारीतून एकेक धागा काढायचा, आधी उभा ताणा भरायचा, मग त्यात आडवा बाणा विणत जायचं. भोक नेहमी पुरीपेक्षा लहान असतं. म्हणजे माझ्या गोलात आख्खं मावतं. उलट मला वाटतं, तुम्हाला शेजारचं इतकं काही दिसत असतं की त्या भोकावर नजर ठरत नसेल. मला दुसरं काही दिसतच नाही, मग नजर जाणार कुठं?

पण त्यासाठी मांडणी लागते. पांढऱ्या कपड्याखाली मी काळं फडकं घेतो, काळ्याखाली पांढरं, म्हणजे भोकाचा काठ उठून दिसतो. दिवा डावीकडं, खांद्याच्या जरा मागं. सुया, कात्री, मेणाचा तुकडा एका उभ्या काठाच्या ताटलीत, आणि ताटली उजव्या गुडघ्याशी. ती ताटली कुणी वीतभर सरकवली तर माझ्यासाठी ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. भावाला ही सवय लागायला दोन वर्षं आणि बरीच भांडणं लागली.

मी राहतो बजाजनगरला. बायको वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला आहे, तिच्या कामाच्या पाळीच्या सोयीनं घर तिकडं घेतलं. रोज सिटी बसनं औरंगपुऱ्याला उतरायचं आणि तिथून दुकानापर्यंत चालत. रस्ता मी वाचत चालतो. आधी पायासमोरची जमीन डावीकडून उजवीकडं, मग जरा पुढची, मग पुढची, ओळीखाली ओळ. तुम्ही एका नजरेत आख्खं पान बघता, मी अक्षर अक्षर जुळवतो. वेळ लागतो, पण वाचून होतं. कुणी मधेच ओळ बदलली की पंचाईत. दोन वर्षांमागं पाण्याच्या पाइपासाठी गल्लीचं तोंड खोदलं होतं. सकाळी नव्हता तो खड्डा संध्याकाळी होता, आणि मी त्यात छातीपर्यंत उतरलो. दात पडला, त्याचं काही नाही. उजवं मनगट मुरगळलं. सहा आठवडे सुई धरता आली नाही.

तेव्हा घरात बैठक बसली. भावाचं म्हणणं, मी आता बजाजनगरलाच बसून काम करावं, तो कपडे पाठवत जाईल. बायकोलाही ते पटलेलं दिसत होतं. मी सहा आठवडे घरी बसून बघितलं होतं. सकाळी बायको कामाला गेली की मी, पंखा आणि शेजारच्यांचा टीव्ही. कुणी येऊन "उस्ताद, हे होईल का?" असं विचारत नाही. उस्ताद ही चीज घरात बसून राहत नाही, ती दुकानातल्या त्या गादीवर असते. मी म्हणालो, "गादी सोडणार नाही." भाऊ म्हणाला, "मग पुन्हा खड्ड्यात पड." मी म्हणालो, "पडेन."

बायको आमच्या दोघांपेक्षा शहाणी. ती भांडली नाही. सुट्टीच्या दिवशी मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं कमी दिसणाऱ्यांसाठी वेगळा विभाग आहे हे तिनं कंपनीतल्या कुणाकडून तरी काढलं होतं. तिथल्या मुलीनं मला पांढरी काठी दिली. उभं करून माझ्या छातीच्या हाडापर्यंत मापली, घडी कशी करायची दाखवलं, आणि आवारात आठ दिवस चालवलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही चालताना सगळी नजर जमिनीवर खर्च करता. जमीन काठीला बघू द्या. तुम्ही वर बघा." खरं सांगतो, तिसऱ्या दिवशी मी मान वर करून चाललो आणि कितीतरी वर्षांनी मला समोरून येणाऱ्या माणसांचे चेहरे दिसले. घरी आल्यावर मी रडलो. बायकोला वाटलं दुखतंय कुठंतरी.

भावानं काठी बघितली, घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "रस्त्यात वापर, मी नाही म्हणत नाही. पण दुकानात दिसू देऊ नको. रफूवाल्याच्या हातात आंधळ्याची काठी बघून शालू कोण देईल?"

त्याचं चुकत नव्हतं. दोन घरं त्या एका सुईवर चालतात. माझं बोट थरथरतं असा नुसता संशय आला तरी लोक कपडा उचलून दुसरीकडं जातील. मी कबूल केलं. गल्लीच्या वळणावर पानाची टपरी आहे, तिथं थांबून मी काठीची घडी करायचो, पिशवीत टाकायचो आणि तिथून दुकानापर्यंतची एक्कावन्न पावलं पाठांतरावर चालायचो. संध्याकाळी उलट. वर्षभर हे चाललं. टपरीवाला माझ्याकडं असा बघायचा की जणू मी तिथं चोरून विडी ओढतोय. लाज काठीची नव्हती, त्या घडी करण्याची होती. पण करत होतो.

मग तो दिवस आला. खाली कुठंतरी चिखल लागून काठीचा सांधा अडकला होता, घडीच होईना. टपरीपाशी जोर लावून थकलो आणि ती तशीच उभी घेऊन दुकानात आलो. भावानं पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि ती कपाटाच्या कडेला टेकवून ठेवली.

दिवस कलायला लागला तेव्हा एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, ताठ. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या, हे त्यांनी बसण्याआधीच सांगितलं. त्यांच्या लोकरी शालीला उदबत्तीच्या निखाऱ्यानं भोक पाडलं होतं. भावाशी सगळं ठरलं. उठताना त्यांचं लक्ष गेलं.

"ही पांढरी काठी कोणाची?"

भाऊ म्हणाला, "एका गिऱ्हाइकाची राहिलीय, मॅडम. येईल तो न्यायला."

मी मान खाली घालून सुईत डोळे घातले. माझ्या हातात तेव्हा सुई होती पण दोरा नव्हता.

बाई गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. चांगल्या माणसांचा हाच घोटाळा असतो, त्यांच्या डोक्यातून गोष्ट जात नाही. "अहो, चौकात ते अंध गृहस्थ उदबत्त्या विकतात ना, त्यांची असेल ही. बिचारे काठीशिवाय कसे बसले असतील! मी त्याच बाजूला चाललेय, देते त्यांना."

आता भावानं 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. पण आमच्याकडं सबळ कारणाशिवाय मोठ्या बाईंना नाही म्हणत नाहीत, आणि खरं कारण तर त्यानंच लपवलेलं. तो म्हणाला, "व्हय व्हय, त्याचीच असंल."

बाईंनी काठी उचलली. मी दीड हातावर बसलो होतो. पायऱ्यांवर तिचं टोक वाजलं, एकदा, दुसऱ्यांदा, मग रस्त्यावर. माझी काठी माझ्यासमोरून गेली आणि मी तोंड उघडलं नाही. भावाच्या खोट्याला मी वर्षभर दोष देऊ शकलो असतो. पण त्या वेळी 'थांबा, माझी आहे' एवढे तीन शब्द माझ्याच गळ्यात होते.

भाऊ म्हणाला, "मी आणतो जाऊन. अस्रची नमाज झाली की आणतो."

"तू नको. मी जातो."

"कसा जाणार? संध्याकाळ व्हायला आली."

"ती माझी आहे ना? मग मीच जातो."

दुकानाच्या बाहेर पडलो. एक्कावन्न पावलं पाठ होती. टपरीपासून पुढं मात्र मला काही पाठ नव्हतं, कारण तिथून पुढं रोज काठी चालायची. उजेड उतरत चालला होता, आणि उजेड उतरला की माझा गोलही विझत जातो. हातगाड्या, दुचाक्या, खरेदीला आलेल्या बायका. मी दुकानांच्या ओळीला धरून निघालो. दुकानांत दिवे लागले होते, तेवढा भाग वाचता येत होता. एका दुकानाच्या उजेडातून पुढच्या दुकानाच्या उजेडापर्यंत जायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं. एका ठिकाणी फुटपाथवर मांडलेल्या चपलांच्या ढिगात पाय गेला. दुकानदार ओरडला. मी म्हणालो, "दिसलं नाही." तो म्हणाला, "एवढ्या लाइटीत?" पाच मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागला. सबंध वाट मी स्वतःला शिव्या देत होतो, आणि त्या छापण्याजोग्या नाहीत.

उदबत्तीवाला काका एका बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. जन्मापासून दिसत नाही. नवी काठी त्यानं मांडीवर आडवी घेतली होती.

मी म्हणालो, "काका, ही काठी माझी आहे."

"कोन तू?"

"गल्लीतला रफूवाला. आत्ता एक बाई देऊन गेल्या ना, ती चुकून आली."

"रफूवाला?" तो हसला. "आंधळा रफूवाला? येडं समजतो व्हय मला?"

"आंधळा नाही. दिसतं मला."

"दिसतं? मग काठी कशाला पायजे तुला?" त्यानं चाचपून उदबत्तीचा पुडा उचलला आणि पुढं केला. मला पुडा शोधायला वेळ लागला, पण तो त्याला कसा कळणार? "वाच बरं, काय लिवलंय."

मी बाजूच्या दुकानाच्या उजेडात धरला आणि वाचला. वास, नग, किंमत, खालची बारीक ओळसुद्धा.

"वाचतोय की धडाधडा! आन म्हनं काठी माझी."

एव्हाना चार लोक जमले होते. गुलमंडीत चार लोक जमायला कारण लागत नाही. एक म्हणाला, "काय झालं?" दुसरा म्हणाला, "आंधळ्याची काठी मागायला आलाय हा." तिसऱ्याचा आवाज चढला, "ओ भाऊ, लाज वाटती का? चांगले धडधाकट दिसता!" कुणीतरी माझा दंड धरला. ज्या बाजूनं धरला ती बाजू मला दिसत नाही, त्यामुळं मी दचकून हात झटकला, आणि त्यांना वाटलं मी मारायला उठलो.

तेव्हा माझं डोकं फिरलं. वर्षभराचं, किंवा त्याच्याही आधीचं, सगळं एकदम वर आलं. मी एवढ्या मोठ्यानं बोललो की पलीकडचा भाजीवाला पण गप्प झाला.

"ती काठी माझी आहे! मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. खालचं दिसत नाही. आत्ता माझा हात कुणी धरला ते मला दिसलं नाही. मी पेपर वाचतो आणि खड्ड्यात पडतो, दोन्ही खरं आहे. जेवढं दिसतं तेवढं मी सुईला देतो, म्हणून रस्त्याला काठी लागते. ती दुकानातून गेली तेव्हा मी बोललो नाही, कारण मला लाज वाटली. आता नाही वाटत. काय करायचं ते करा."

कुणी काही केलं नाही. काकानं काठी उभी धरली आणि टोक पायरीखाली टेकवून उठला. काका बुटका, मूठ त्याच्या नाकापाशी आली.

"तरीच," तो म्हणाला. "मगाधरनं म्हनतो, ही एवढी लांबडी का? पायरीला दोनदा आडकली." तो पुढं आला, काठी माझ्यासमोर उभी केली आणि तळवा फिरवत माझ्या छातीच्या हाडापर्यंत आणला. मूठ बरोबर तिथंच होती. "मापाची हाय. तुझीच हाय." आणि जमलेल्या लोकांकडं तोंड करून म्हणाला, "जा रे, जावा घरी. काठी त्याचीच हाय."

लोक पांगले. मी काकाशेजारी पायरीवर बसलो. त्यानं पाठीमागं ठेवलेली आपली जुनी, चिकटपट्टी गुंडाळलेली काठी काढली.

"आन मंग लपवतो कशापायी? मी लपवली असती तर कवाच गाडीखाली गेलो असतो."

"लोक कपडा द्यायचे नाहीत."

"नाय देनार," काका म्हणाला. "लई जन नाय देनार." त्यानं माझं समाधान करायचा प्रयत्न केला नाही, आणि मला ते आवडलं.

परत जाताना मी टपरीपाशी थांबलो नाही. ती एक्कावन्न पावलं काठी वाजवत गेलो. भाऊ पायरीवर उभा होता. त्याला मी लांबून ऐकू आलो असणार. त्यानं एवढंच विचारलं, "आता?"

"आता ती खिळ्याला टांगणार. दारातल्या."

"गिऱ्हाईक तुटंल."

"तुटू दे."

तो आत गेला आणि इस्त्री बंद करून घरी निघून गेला. आमच्या आयुष्यात पहिल्यांदा तो मला दुकान बंद करायला एकटा सोडून गेला.

गिऱ्हाईक तुटलं. दुसऱ्याच दिवशी एका लग्नाची शेरवानी आली होती, त्या माणसानं खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "जरा घरी विचारून येतो." तो आला नाही. एका बाईंनी दोन दिवसांपूर्वी टाकलेली साडी तशीच परत नेली. भाऊ प्रत्येक वेळी माझ्याकडं बघायचा, बोलायचा नाही. मी काठी काढली नाही. रात्री बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "शेरवानीवाला गेला तर गेला, तुम्ही खड्ड्यात नाही गेलात." पण तिलाही काळजी होती, तिच्या ताट वाढण्यात मला ती कळली.

चौथ्या दिवशी शिवणाच्या बाई आल्या. दारातच थबकल्या.

"ही काठी इथं परत कशी?"

भाऊ काहीतरी बोलणार तेवढ्यात मी म्हणालो, "बाई, ती माझी आहे. त्या दिवशी आम्ही खोटं बोललो. मला बाजूचं दिसत नाही, म्हणून चालताना लागते. तुमची शाल मीच केलीय."

मी शाल काढून त्यांच्या हातात दिली. आमच्याकडं वडिलांपासून एक रीत आहे. रफू झालेला कपडा द्यायचा आणि भोक कुठं होतं ते सांगायचं नाही. गिऱ्हाइकानं शोधायचं. सापडलं तर त्याच्यासमोर उसवून पुन्हा करायचं. लोक दोन मिनिटं शोधतात, हसतात आणि घेऊन जातात.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा बदलला, शाल दारातल्या उजेडात नेली, पालथी केली, बोटाची पाठ फिरवत फिरवत इंचाइंचानं पुढं गेल्या. मी मनात म्हणत होतो, शोधा, शोधा. मग त्यांचं बोट थांबलं.

"इथं आहे. यातला एक धागा जाड आहे. बाण्याचा."

भाऊ लगबगीनं पुढं झाला. "माफ करा, मॅडम. त्याला धड दिसत नाही ना आता. तुम्ही काठी बघितलीच."

तो मला वाचवत होता. चार दिवस अबोला धरून बसलेला माझा भाऊ माझ्यासाठी हात जोडत होता. आणि बाईंचा आवाज लगेच मऊ झाला. "असू दे हो, असू दे. एवढ्याशानं काय होतं? त्यांच्या मानानं किती छान केलंय." त्या शालीची घडी घालायला लागल्या.

तो मऊ आवाज मी चांगला ओळखतो. तो ऐकला की समजायचं, हे माणूस तुमचं कौतुक करत जाईल आणि कपडा कधी देणार नाही.

"थांबा," मी म्हणालो. शाल त्यांच्या हातातून घेतली आणि गोलात धरली. धागा सापडायला मला शोधावं लागलं नाही.

"बाई, हा जाडच आहे. लावला तेव्हाच मला दिसला होता. किनारीतला धागा तुटला, दुसरा काढायचा मी कंटाळा केला आणि झालरीतला घेतला. म्हटलं, कोण बघतंय? ही चूक माझी आहे, माझ्या डोळ्यांची नाही. ती त्यांच्यावर घालू नका." आणि भावाकडं वळून म्हणालो, "तूही घालू नको."

बाईंनी चष्मा सारखा केला. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाजातला मऊपणा गेला होता, आणि तीस वर्षं मुलींचे टाके तपासलेली बाई समोर उभी होती.

"कंटाळा? आणि वर कोण बघतंय म्हणता? उसवा ते. आत्ता, माझ्यासमोर."

भावानं स्टूल पुसून पुढं केलं. मी शालीखाली काळं फडकं घेतलं, दिवा ओढला आणि उसवायला बसलो. बाई पाऊण तास माझ्या डोक्यावर बसून होत्या, आणि दोनदा माझ्यावर ओरडल्या.